नऊ मग

दगड नंतर. आधी त्याची वाट हवी होती मला.
तीन दिवस किटुईच्या टेकड्यांत
वही, होकायंत्र आणि भेटेल त्याला एकच प्रश्न:
कुठून आली, कुठे विझली?

पाहिली सगळ्यांनीच होती.
मुसेंबी मास्तरांनी फळ्यावर हिरव्या खडूनं काढून ठेवलेली,
पुसायची नाही, अशी पोरांना तंबी देऊन.
मोटारसायकलवाला म्हणाला, माझ्या हेल्मेटवरून गेली.
पहाटेच्या प्रार्थनेला निघालेल्या बायकांनी
चार दिशांना चार हात केले.
मी लिहून घेत गेलो.
उजेडाला साक्षीदारांचा तोटा नसतो.

पण उजेड म्हणजे प्रवासाचा केवढासा तुकडा.
सेकंदाला सतरा किलोमीटर वेगानं दगड आला
की हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही;
ती पुढ्यातच दबते, दबून तापते, तापून पेटते,
आणि दगडाचं कातडं थेंबाथेंबानं मागे उडतं.
आत मात्र अंतराळातली थंडी जशीच्या तशी.
तिला जाग यायला
सहा-सात सेकंद पुरत नाहीत.
मग तो फुटतो. वेग सरतो.
जमीन वीस-बावीस किलोमीटर उरली असताना
दिवा जातो.

तिथून पुढे तो कुणीच नसतो.
गच्चीवरून निसटलेल्या कुंडीसारखा
आपल्याच वजनानं, वारा ढकलेल तसा
निमूट खाली येतो,
एक मिनिट, दोन मिनिटं, कधी तीन.
हे कुणी पाहत नाही.
नकाशावर तिथे मी तुटक रेघ मारतो.

कलुंडे रांगेत शेवटची.
"मी काही पाहिलं नाही," म्हणाली, आणि वळलीसुद्धा.
नदी म्हणजे नुसती वाळू. तिच्यात
पुरुषभर खोल झिरा, आणि झिऱ्यात ती,
वर ताटाएवढं आभाळ.
"पाणी एकदम हिरवं झालं. वाटलं, भोवळ आली.
भरत राहिले.
थोड्या वेळानं आभाळ धडाडलं, कडेची वाळू सुटली,
गाढव दावं तोडून पळालं.
पण कॅन अर्धाच होता."
"मग?"
"मग एक मग."
"मग?"
"दुसरा. मोजते मी. कॅनला बावीस लागतात.
नववा ओतला आणि वरून
कापड टरकवल्यासारखं काहीतरी आलं.
वाळूत धप्प."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती झिऱ्यात उतरली.
मी काठावर, घड्याळ घेऊन.
निळा टवके गेलेला मग, कान तुटलेला.
पाणी झिरपायचं, ती थांबायची, भरायची, ओतायची.
मी ओरडून धडाड म्हटल्यापासून नववा मग ओतेपर्यंत
एकशे सहा सेकंद.
"आज झरा जरा मंद आहे," खालून आवाज आला,
"दोन कमी धर."
दोन कमी धरले.

"आणि दगड?"
"तो काय."
गुरांनी झिरा तुडवू नये म्हणून तोंडावर काटे टाकतात,
त्या काट्यांवर.
दोन मुठींएवढा, काळा,
मळलेल्या पिठात अंगठे रुतावेत तशा खळग्यांचा.
एका कोपऱ्यावर टवका उडालेला:
काळेपणा नखाएवढा जाड,
आत नुसती राख-करडी माती वाटावी असं.
"उचलला तेव्हा गार होता," ती म्हणाली.
"वाळूहून गार. गावात सांगतात, जळत आला.
हात कुणी लावला होता?"

रात्री कंदिलाच्या उजेडात
तुटक रेघेच्या खालच्या टोकाला मी आकडे घातले,
एक ते नऊ.

बदल्यात तिला पैशांआधी
तेवढ्याच वजनाचा दुसरा दगड हवा होता, काट्यांवर ठेवायला.
नदीभर शोधला. वाळूच सगळी.
शेवटी जीपच्या चाकाखाली लावायचा ठोकळा
देऊन आलो.