डबी

आईने डबी दिव्याखाली धरली,
चष्मा कपाळावरून नाकावर ओढला,
आणि मुंगीएवढ्या अक्षरांच्या रांगेतून
तिने नेमका एक शब्द चिमटीत पकडला:
अल्कोहोल.

डबी गेली मोरीत, फिनेलच्या बाटलीशेजारी.

मी म्हटलं, माक, हे नावालाच.
याने कुणी झिंगत नाही.
हे पाण्यात विरघळत नाही, हातात घेतलं तर मेणचट लागतं,
पांढऱ्या चकत्या असतात, साबणाच्या कपच्यांसारख्या,
पासिर गुदांगला रात्रपाळीत मी त्याच तपासते.
तेल फोडतात, हायड्रोजन कोंबतात,
मग एका उंच मनोऱ्यात तापवून
लांबी बघून एकेकाला वेगळं काढतात.
बारा कार्बनवाले हलके, ते वर पळतात,
त्यांचा शॅम्पूचा फेस होतो.
सोळा-अठरावाले जड, मागे रेंगाळतात,
त्यांचं हे मलम.

"तेल कसलं?"

पामचं. फळाच्या गराचं नाही,
आतल्या बीचं.

आई गप्प.
क्लुआंगच्या मळ्यात बावीस वर्षं
पुरुष लांब काठीच्या कोयत्याने घड पाडायचे
आणि घडातून सुटून गवतात, काट्यांत, सापाच्या वाटेवर
विखुरलेली फळं
बायका वेचायच्या. उकिडव्या. रबरी बुटांत.
त्याच बुटांनी तिच्या टाचांना या भेगा दिल्या,
ज्यांच्यासाठी मी ही डबी आणली होती.

"गोणीला काय देतात आता?"

मला गोठणबिंदू ठाऊक होता.
कोणत्या टँकरमध्ये किती टन, तेही;
परवाचा माल रॉटरडॅमला गेला, तेही.
गोणीचा भाव
आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता.

"इमामसाहेबांना विचारू," ती म्हणाली,
आणि टाचांना खोबरेल चोळून झोपली.

शुक्रवार आला, गेला. तिने विचारलं की नाही, कळलं नाही.
रविवारी पहाटे पाळीवरून घरी आले
तर मोरीत फिनेलची बाटली एकटीच,
आणि आई पायरीवर, एक पाय मांडीवर घेऊन,
भेगांत पांढरं भरत होती,
भिंतीची चीर लिंपावी तसं, अंगठा दाबून.

काय म्हणाले इमाम?

"गवतातलं वेचताना
मी कुणाला विचारत होते का?"

मग बोटाला राहिलेलं
तिने माझ्या कोपराला पुसलं,
लहानपणी पुसायची तसं,
वाया जाऊ नये म्हणून.