द्राक्षांचा तास

लोणच्याच्या बरणीला रबरबँडने फोन बांधून
मी शिकवायचे.
मागे चादर, चादरीवर टाचणीने एक ते पाच आकडे,
त्यातला चार सारखा गळून पडायचा.
सातपूरच्या कंपनीचा भोंगा व्हायच्या आत
वीस मिनिटं, अकरा चौकोन,
दहा चेहरे आणि एक नुसतंच कपाळ.

हंगाम होता, म्हणून द्राक्षं.
नाशकात फेब्रुवारीत मोजायला आणखी काय घेणार?
"पाच मणी वाटीत ठेवा. किती झाले?"
मखमलाबादचा शार्विल पिंगळे
वाटी कॅमेऱ्याला टेकवून ओरडला, "तीन!"
"चुकलं हं. पाच."
आणि मी पुढे गेले.
मला त्रिकोणापर्यंत पोचायचं होतं.

रेकॉर्डिंग खैरनार बाईंना पाठवलं.
आमचं ठरलंच होतं तसं,
तुम्ही माझा तास बघायचा, मी तुमचा,
आणि "छान झालं" एवढं मात्र लिहायचं नाही.

रात्री साडेदहाला त्यांच्या वहीच्या पानाचा फोटो आला.
सगळं पेन्सिलीने,
जणू मला खोडता यावं म्हणून.

४.१२ : त्याचं बरोबर होतं. दोन त्याच्या गालात होते.
६.४० : प्रश्न विचारून तुम्ही किती थांबता? मी घड्याळ लावलं. एक सेकंद.
उत्तर तुम्हीच देता, शाब्बासही स्वतःलाच म्हणता.
९.०५ : चार पडला, मुलं हसली. "कोण हरवलं?" एवढंच विचारायचं होतं.
तुम्ही टाचणी शोधत बसलात.

मी फोन पालथा ठेवला.
भांडी घासली. घासलेली परत घासली.
एकोणीस वर्षं बालवाडीत गेली माझी,
आणि ह्यांच्या तासात तर निम्मा वेळ
छताचा पंखाच दिसतो, मनात म्हटलं.
मोठ्यानेही म्हटलं, एकदा, बेसिनला.

मग दिवा मालवून, पांघरुणात,
४.१२ वर बोट ठेवलं.
डावा गाल. टम्म.
हनुवटीवरून एक ओघळ,
आणि "चुकलं हं" ऐकल्यावर
तो वाटीत पुन्हा बघतो,
पुन्हा मोजतो, बोटाने, एकेक मण्याला शिवत.
तीन.
माझ्याकडे बघतो.
मी तेव्हा चादरीकडे वळलेली.

पाचातून दोन गेले,
हे मी त्यांना मोठ्या गटात शिकवणार होते.

दुसऱ्या दिवशी बाईंचा तास बघितला.
पंख्याचं लिहिलं.
लिहिताना कालचं थोडं उट्टं निघालं, खोटं कशाला बोलू.
पण खाली हेही लिहिलं:
अंबडची ती मुलगी, महिनाभर न बोललेली,
मुंगीच्या गोष्टीत ओठ हलवते,
तुमच्याही एक शब्द आधी.
तिचा माईक तुम्हीच बंद ठेवलाय.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.
पहाटे पाच चाळीसला एकच अक्षर: हो.

मंगळवारी मी चादर काढली.
भिंतीचे पोपडे दिसू दे, दिसले तर.
वाटाणे घेतले, द्राक्षंही राहू दिली.
"माझ्या मुठीत किती असतील?"
आणि थांबले.
मनात मोजत, एक,
दोन,
कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी,
तीन, चार,
माझा घसा उत्तराने भरून आलेला,
पाच, सहा

"आई गं, बाई हँग झाल्या!"
शार्विल किंचाळला.
"नाही रे, नेट गेलं त्यांचं," दुसरा.
तिसरीने पडद्यावर माझ्या नाकाला बोट लावून बघितलं.
अकराही जण एकदम बोलत होते,
कपाळसुद्धा.
मुठीचं कुणालाच काही नव्हतं.

त्या रात्रीच्या पानावर एकच ओळ होती, पेन्सिलीने.

थांबणं जमलं. आता अधूनमधून पापणी हलवत जा.