खरखर

मदरबोर्डवरच आवाजाची सोय असते म्हणतात,
सोसायटीच्या टाकीसारखी.
येतं पाणी, पण वरच्या मजल्यावर कुणी मोटर लावली
की आपली धार बारीक.

माझ्या धारेत वाळू यायची.
माउस हलवला की खरखर.
मी माइकसमोर वाचत असायची 'मागणीची लवचिकता',
आणि पडद्यावरचं पान खाली सरकवलं की
मागे कुणीतरी तांदूळ पाखडल्यासारखं.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून हेच करते मी.
बारावीची पुस्तकं वाचून भरते
ज्यांना ती डोळ्यांनी वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी.
टिळकनगर, इमारत सत्याऐंशी, तिसरा मजला,
खिडकीला गोधडी, पंखा बंद,
फ्रिजचं बटणसुद्धा तेवढ्यापुरतं बंद,
आणि एवढं करून
माझ्याच टेबलाखालून खरखर.

लॅमिंग्टन रोडला मुर्तुझाचं दुकान म्हणजे
जिन्याखालचा कोनाडा. काउंटर नाही,
सगळा धंदा गुडघ्यांवर.
"मुलगा गेम खेळतो?"
मुलगा नाही.
"मग गाणी?"
गाणीही नाहीत. अर्थशास्त्र.
त्याने चष्मा कपाळावर ढकलला,
खोक्यात हात घातला, न बघता चाचपून
एक साउंड कार्ड वर काढलं.
वापरलेलं. सोनेरी दात शाबूत.
बावीसशे म्हणाला, सतराशेला दिलं.
"शाळेतला खोडरबर घ्या, दात पुसा आधी.
आणि आत हात घालण्यापूर्वी
लोखंडाला शिवा, मावशी. अंगातली वीज जाऊ दे."

म्हणून आधी खिडकीच्या गजाला हात लावला,
मग चार स्क्रू.
आत चेंबूरची दहा वर्षांची काळी भुकटी,
पालीची दोन अंडी, फुटून रिकामी,
आणि खाली एक लांबट खाच,
पत्र्याच्या पट्टीआड पहिल्या दिवसापासून कोरी.
एवढा जोर लावू नये असं वाटतं
नेमका तेवढाच लावावा लागतो.
कट्.
मला वाटलं मोडलं. बसलं होतं.

त्या रात्री भरलेलं ऐकलं.
वाळू नाही.
म्हणजे इतकी नाही की मी दोनदा वायर तपासली.
शेजारच्या गोन्साल्विसांचं घड्याळ ऐकू आलं, भिंतीपलीकडचं.
'सीमान्त' म्हणण्याआधी मी दरवेळी
आवंढा गिळते, तेही आलं.
छत्तीस वर्षं काउंटरवर बसले,
कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी कल्पेश तांडेलचा फोन,
ट्रॉम्बे कोळीवाड्यातून.
"बाई, बरं नाही का तुम्हाला?"
का रे?
"पान उलटत नाही तुम्ही आता."
कुठलं पान?
"आधी पान संपलं की सर्र व्हायचं ना.
मी तिथं बंद करायचो. पाणी प्यायचो.
ऐकलेलं एकदा मनात म्हणायचो.
आता तुम्ही नुसत्या बोलतच सुटता,
दम लागतो."

ते पान नव्हतं रे, बिघाड होता,
असं सांगायला तोंड उघडलं.
मग विचारलं, आवाज कसा येतो नवीन?
"आवाज एक नंबर," तो म्हणाला, "पण पान नाही."

कपाटातून खरं पुस्तक काढलं.
माइकच्या तोंडाशी धरून पान उलटलं.
नवं कार्ड फार इमानी:
त्याने थुंकी लावलेलं बोट टिपलं,
कागदाची बारीक कुरकुर टिपली,
पण ते सर्र नाही.
आठ वेळा करून पाहिलं.
खरं पान खऱ्या पानासारखं वाजेना.

आता टेबलावर माइकशेजारी
स्टीलची ताटली असते, तिच्यात मूठभर तांदूळ.
मोलकरीण विचारते, हे कशाला,
मी सांगत नाही.
वाचते. लवचिकता संपते, पुरवठा सुरू व्हायचा असतो.
तळाची ओळ. आवंढा.
पान एकशे बारा.
ताटली हलकेच तिरकी करते.
सर्र.