प्रत

आइली कोस्केला एकतीस वर्षं गव्हाची प्रत लावायची,
डुलुथच्या बंदरावर, धान्यकोठारांच्या सावलीत.
मालगाडीच्या डब्यात पुरुषभर पितळी नळी खुपसायची,
मूठभर दाणे ताटलीत पसरायची
आणि लिहायची : एक नंबर. दोन नंबर.
शितावरून भाताची परीक्षा,
पगारी.

आता दर गुरुवारी तिच्या तळघरात
कपडे वाळवायच्या मशीनला चिकटून टेबल.
बाहेर सरोवर कडेकडेने गोठतंय,
आत फासे, खारे दाणे, खोडरबराचा चुरा.
प्रत्येकाच्या पात्राचा एक कागद,
कागदावर एक रकाना,
रकान्यात नऊपैकी एक नाव :
नियमाने चालणारा सज्जन, इथून सुरू
आणि मनाला येईल तसा दुष्ट, इथे शेवट,
अधेमधे सगळे कुंपणावरचे.

रॉस हालवोर्सन म्हणतो, काढून टाका हा रकाना.
(तो विमा कंपनीत. गारांनी चेपलेल्या गाड्यांचे पंचनामे करतो.)
नऊ खणांत माणूस मावतो का?
माझ्या सासूला कुठल्या खणात बसवू?
बर्निटाच्या जोगिणीने तर इतक्यांदा मन बदललंय
की खोडून खोडून रकान्याला भोक पडलंय,
त्यातून टेबलाचं लाकूड दिसतं.
आइली म्हणते, काढू. आजचा डाव होऊ दे.

आजच्या डावात खिंड आहे, बर्फ आहे,
दोरीने बांधलेलं दैत्याचं एक पोर आहे.
रॉसच्या सरदाराने राजाला शब्द दिलाय :
त्या कुळातलं कोणी मागे ठेवायचं नाही.
रॉस कागदाकडे बघतो. कान चोळतो.
‘शपथ आहे,’ म्हणतो. ‘उजाडलं की.’
‘उजाडलं की’ हे तो दोनदा म्हणतो.

रात्रीचा पहारा फेंग लोरच्या चोराचा.
फेंग सोळा वर्षांचा, टोपी भुवयांपर्यंत.
पहिल्याच दिवशी रकान्यात त्याने शाईने लिहिलं होतं :
स्वतःपुरतं बघणारा दुष्ट.
का शाईने, कोणी विचारलं नव्हतं.
तो म्हणतो, ‘मी दोरी कापतो.’

मशीनमध्ये कुणाच्या तरी पँटचं बटण
टक टक आपटत राहतं.
‘तुझ्या कागदावर काय लिहिलंय?’ रॉस विचारतो,
आवाज पंचनाम्याचा.
फेंग बघतो. बराच वेळ बघतो.
‘दुष्टच,’ म्हणतो. ‘ते रडत होतं.
मला झोप हवी होती.’

बर्निटाच्या हातातला दाणा हातातच.
रॉस आता स्वतःच्या रकान्याकडे वळलाय.
सज्जन हा शब्द तिथे बसलाय ऐसपैस,
आणि शेजारचा नियम
नव्या बुटासारखा चावतोय.

आइली काही बोलत नाही. तिला आठवतात
कचेरीच्या खणातल्या मोहोरबंद पिशव्या,
प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग राखून ठेवलेला,
कारण विकणारा कधीही येऊन म्हणे,
पुन्हा बघा, माझा गहू असा नाही.
आणि ती पुन्हा बघे.
गव्हाबद्दल सगळं त्या आकड्यात आहे
असं ती कधीच म्हणाली नव्हती.
गारा, उशिराची पेरणी, कुणाचं आजारपण,
आकड्याला काय ठाऊक?
पण आकडाच नसता तर
धक्क्यावर जहाज, जहाजाशी दोन माणसं,
आणि भांडायला दोघांत काहीच नाही,
नुसती थंडी.

साडेदहाला सगळे उठतात.
रकाना काढायचं कोणी काढत नाही.
रॉस गाडीची काच खरवडत राहतो,
खरवडून झाल्यावरही.
फेंग जिन्यात थांबतो.
‘त्या पोराच्या रकान्यात काय आहे?’
‘त्याचा कागदच केला नाही मी,’ आइली म्हणते.
तो परत खाली येतो,
गठ्ठ्यातला एक कोरा कागद घेतो,
चार घड्या घालतो, कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो
आणि शेवटची बस गाठायला पळतो.