आयएसटी

बंदराच्या जुन्या वह्या डेटाबेसात चढवायचं काम
माझ्याकडे आलं, कारण फिन्टनचे डोळे गेलेत
आणि ते अक्षर लागणारी आता मीच उरलेय.

लाइफबोट कधी निघाली, कधी परतली,
किती माणसं आणली.
शेवटच्या रकान्यात कधीकधी शून्य.

उन्हाळ्यातल्या प्रत्येक वेळेपुढे तीच तीन अक्षरं, आयएसटी.
लिहिणाऱ्याला शंका नव्हती.
डोनेगालच्या खाडीत आयएसटी म्हणजे आपली वेळ,
दुसऱ्या कुणाची असणार?

डेटाबेसनं विचारलंच नाही.
त्याच्या यादीत या अक्षरांपुढे इस्रायल लिहिलंय.
दिल्लीवालेही त्यांवर हक्क सांगतात म्हणे, साडेपाच तासांचा.
त्यानं मुकाट्यानं आमची होडी
हैफाच्या घड्याळात नेऊन मोजली.
एरर नाही. इशारा नाही. सगळं हिरवं.

मग रेडिओच्या नोंदी शेजारी लावल्या, त्या ग्रिनिचच्या, चोख.
नऊ ऑगस्ट, सत्त्याऐंशी.
हाक आली : आठ एकतीस.
होडी निघाली : सात चाळीस.

बैल जाण्याआधीच झोपा बांधून तयार!
सुकाणूवर मर्टा गिलेस्पी, पिवळ्या रेनकोटात,
आणि तिकडे ट्रॉलर अजून नीट तरंगतेय,
माझा बाप डेकवर
वाऱ्याकडे पाठ करून काडी पेटवतोय.

बराच वेळ मी काही टाइप केलं नाही.
फिन्टन म्हणाला, अडलं का गं?
म्हटलं, नाही. भरती बघतेय.

अक्षरं खोडली. पूर्ण नाव घातलं :
युरोप, तिरकी रेघ, डब्लिन.
चारशे बारा ओळी बदलल्या, यंत्र म्हणालं.
होडी निघाली : आठ चाळीस.

नऊ मिनिटं.

आई म्हणायची, हाक मी या कानांनी ऐकली,
स्वयंपाकघरातल्या रेडिओवर, साडेआठला,
आणि वहीत बघ काय लिहिलंय, नऊ चाळीस.
तास उलटून गेला होता, तास!
मर्टाशी ती अठ्ठावीस वर्षं बोलली नाही.
त्याच्या मयतीलाही गेली नाही.

त्या भिंतीवरचं घड्याळ
ती उन्हाळ्यात पुढे करत नाही. अजूनही नाही.
देवाची वेळ म्हणते त्याला.

फोन हातात घेतला.
टेकडीपलीकडे, तिच्याकडे,
आता किती वाजले असतील
ते आधी मोजलं.