चाकाची खूण

बेनेऊ सोडलं की पुढे काही नाही,
असं ट्रकवाले सांगतात.
त्या काही-नाहीत माझी चहाची खोली आहे.
चार खाटा, एक चूल, टाकीतलं मचूळ पाणी,
आणि एक भिंत, उन्हाळ्यात जिला
उंटांपेक्षा सायकलीच जास्त टेकतात.

ती आली तेव्हा वारा पूर्वेचा होता,
म्हणजे तिच्या थेट तोंडावर.
भुवयांत मीठ, ओठ फुटलेले,
पन्नाशी उलटलेली बाई. नाव लीवा.
मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी.
दोघींना येत होती मोडकी रशियन, आणि हात.
हातांनीच तिनं सांगितलं :
गेंट नावाच्या गावात सव्वीस वर्षं पत्रं वाटली,
एकोणीस गल्ल्या, रोज त्याच,
कुत्रीसुद्धा तीच, फक्त म्हातारी होत गेलेली.

मग इथे कशाला, मी विचारलं.
तिनं शोर्प्यात पाव बुडवला, बराच वेळ चावला.
म्हणाली, नकाशावर इथे काहीच लिहिलेलं नव्हतं.
मला हसू आलं.
इथे म्हणजे माझ्या घरी.

पहाटे उठले तर भिंत मोकळी.
सरसेनचं अंथरूणही मोकळं.
नऊ वर्षांचं पोर,
त्या सायकलवर पाय जमिनीला पोचत नाहीत त्याचे.
लीवा ओरडली नाही.
अंगणात वाकून तिनं चाकाची खूण बघितली :
आधी नागमोडी,
इथे पडला, तिथे पुन्हा पडला,
मग कुंपणापलीकडे
हळूहळू सरळ होत गेलेली.
पाकिटावरचा पत्ता वाचावा
तसं तिच्यावरून बोट फिरवून म्हणाली :
शिकला.

अयापबेर्गेनच्या ट्रकमधून निघालो.
अकरा किलोमीटरवर, रेल्वेच्या फाटकापाशी
पोरगं उभं. दोन्ही गुडघे सोललेले,
हँडल असं धरलेलं, जसं कुणी शिंगरू धरावं,
आणि नजर तिकडे, जिथे रूळ
बारीक होत होत दोऱ्यासारखे होतात.
पुढे काय आहे ते बघायचं होतं, म्हणाला.
काय दिसलं?
आणखी पुढे.

मी हात उगारला.

याच फाटकावर, सोळाव्या वर्षी,
मिठाच्या मालगाडीत मीही चढले होते.
पोरीच्या पायाला भिंगरी, आई म्हणायची.
बेनेऊच्या फलाटावर तीन दिवस काढले,
एका खरबुजावर.
दुकानाच्या काचेआड एक लाल कोट होता,
तो अजून कधीकधी स्वप्नात येतो, आत कुणीच नसलेला.
न्यायला बाप आला.
बाप रुळांवरचा गँगमन.
आठ किलोमीटर त्याच्या वाट्याचे,
तो जन्मभर तेवढेच चालला,
नवव्याचा दगड त्यानं लांबूनच पाहिला.
वाटेत चकार शब्द नाही.
दारात पोचल्यावर एवढंच विचारलं :
कुठपर्यंत गेलीस?

मी त्याला राग समजले होते.
तीस वर्षांनी, हात हवेत असताना,
तो आवाज पुन्हा कानावर आला
आणि त्यात राग कुठेच नव्हता.
हात खाली आला तो पोराच्या डोक्यावर,
वाळू झटकायला.

लीवानं सायकल उलटी केली, साखळी बसवली,
सरसेनला तेलाचा डबा धरायला लावला.
दुसऱ्या दिवशी वारा फिरला होता.
ती गेली, वळून न बघता.
वळून बघणाऱ्यांचा तोल जातो,
हे सरसेननं मला समजावून सांगितलं.

अंगण मी रोज झाडते.
ती खूण वाऱ्यानं केव्हाच पुसली,
तरी खराटा तेवढा पट्टा वगळून जातो.
गिऱ्हाईक विचारतं, इथे काय आहे गं?
मी म्हणते, चहा घे. थंड होतोय.