उलिताची माळ

ऑक्टोबरात मीच लिहिलं होतं त्यांच्या कागदावर:
वयोमानाने विसर. सहा महिन्यांनी दाखवा.
अक्षर माझंच, नीटनेटकं.

जानेवारीत ते पुन्हा आले, पेइप्सी सरोवर गोठलेलं असताना,
काठावरच्या कांदेवाल्या गावातून तार्तूपर्यंत.
येव्स्ताफी खुर्चीत. उलिता उभीच.
म्हणाली, डॉक्टर, याच्या हातात बशी टिकत नाही.
चहा सांडतो. सात फुटल्या.
क्रूस काढायला दोन बोटं उचलतो
तर कोपर कुणी ओढावं तसं. उजवंच नेहमी.
शेजारणी म्हणतात, काही पाप लपवलंय.

स्कॅन साफ. मेंदूचा आलेख साफ.
सोडियम तेवढं एकशे सव्वीस.
जेवणात मीठ कमी घेता का?
ती हसली. मासे खारवण्यात जन्म गेला आमचा.

मग तिने खिशातून चामड्याची जपमाळ काढली,
पायऱ्या-पायऱ्यांची, कडा झिजलेली.
काल सकाळच्या प्रार्थनेपासून दुपारच्या जेवणापर्यंत
दर झटक्याला एक पायरी सरकवली.
एक्केचाळीस.
देव रागावेल का ठाऊक नाही,
पण मोजायला दुसरं काही नव्हतं जवळ.

मी पेन खाली ठेवलं
आणि नुसती बघत बसले.
तोंडाचा उजवा कोपरा आंबट लागल्यासारखा वर गेला,
कोपर दुमडलं, बोटं वळली,
आणि संपलं.
डोळे उघडेच. काय विचारलंत, म्हणाला.

तीन सेकंद.
ऑक्टोबरातही ते या खोलीत येऊन गेले असणार.
मी तेव्हा लिहीत होते.

पाठीतून पाणी काढलं, रक्त दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं,
उत्तराची वाट न बघता स्टिरॉइड सुरू केलं.
समजावलं तिला: शरीराचेच पहारेकरी
घरच्या माणसाला चोर समजून झोडपतात.
उलिता म्हणाली, हे आम्हाला नका सांगू.
आमच्या पणज्यांना आपल्याच चर्चने हाकललं होतं,
दोन बोटांसाठी.

पाचव्या दिवशी अकरा पायऱ्या.
नवव्या दिवशी दोन.
अहवाल आला तेव्हा माळ नुसती जपासाठी उरली होती.

एप्रिलात दारात कांद्यांची वेणी घेऊन येव्स्ताफी उभा.
हिवाळा त्याला आठवत नाही. मेहुणीचं दफनही नाही;
ते उलिता रोज थोडंथोडं सांगते,
आणि रोज तो नव्याने रडतो.
माझ्याकडे निरखून बघत म्हणाला,
आपण आधी भेटलोय का?

हो, म्हटलं. ऑक्टोबरात.